माळा थंड ठेवण्यासाठी छपरातून हवा कशी खेळवावी? (कोल्हापुरातील कौलारू आणि पत्र्याची घरे)

कौलारू

नमस्कार. आमचे घर शिवाजी पेठेत आहे. सोपा आणि माजघर मंगलोरी कौलांखाली असून मागे नंतर वाढवलेल्या खोल्यांवर सिमेंटचा पत्रा आहे. आढे (छपराची सर्वांत वरची आडवी कड) सलग असल्यामुळे माळाही सलग आहे. त्याची रुंदी सुमारे २० फूट आणि लांबी ३० फूट आहे, आणि आढ्याखाली माणूस जेमतेम उभा राहू शकतो. पूर्वी खाली तक्तपोशी (लाकडी फळ्यांचे छत) होती. ती काढून काही वर्षांपूर्वी जिप्समचे फॉल्स सीलिंग केले, आणि कौले गळतात म्हणून वाशांच्या वरून निळी ताडपत्रीही पसरली. तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांत माळ्यावर दुपारी पाऊल ठेववत नाही. खालच्या खोल्यांचे छत तर मध्यरात्रीपर्यंत तापलेलेच असते. आईला दुपारी वरच्या खोलीत झोपण्याची सवय आहे आणि तिच्या प्रकृतीला हा उकाडा सोसत नाही, म्हणून येत्या उन्हाळ्यापूर्वी काही कायमचा उपाय करावा असे ठरवले आहे.

एका ठेकेदाराने छपरावर वाऱ्याने फिरणारे दोन टर्बो व्हेंटिलेटर बसवण्यास सांगितले, दुसऱ्याने पत्र्याला पांढरा रंग सुचवला, आणि तिसऱ्याच्या मते सीलिंगवर थर्माकोल अंथरला की काम भागते. तिघांपैकी कोणीही आपला उपाय कशामुळे उपयोगी पडेल हे समजावून सांगितले नाही. आपल्याकडील पावसाळा लक्षात घेऊन छपराला किती, कोठे आणि कोणत्या प्रकारची तोंडे ठेवावीत, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आढे_पाखे

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

प्रथम उष्णता येते कोठून ते पाहू. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्या काळात भिंतींपेक्षा छपरावर कितीतरी अधिक ऊन पडते, त्यामुळे खिडक्यांना जाड पडदे लावूनही वरच्या मजल्याचा ताप फारसा उतरत नाही. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला ९०० ते १००० वॅट ऊन धरले, तर तुमच्या ६०० चौरस फुटांच्या छपरावर ५० किलोवॅटच्या आसपास उष्णता पडत असते. यातील बराचसा भाग परावर्तित होऊन, वाऱ्याने किंवा प्रारणाने (तापलेल्या वस्तूतून किरणांच्या रूपाने उष्णता जाणे) बाहेरच्या बाहेर परत जातो. उरलेली उष्णता पत्रा आणि कौले खालच्या अंगाने माळ्यात सोडतात.

ही आत येणारी उष्णता दोन मार्गांनी खाली पोहोचते. एक भाग माळ्यातील हवा तापवतो. दुसरा भाग हवेला न तापवता, तापलेल्या पत्र्याकडून समोरच्या सीलिंगकडे थेट प्रारणाने जातो. हा दुसरा मार्ग बहुतेक ठेकेदारांच्या बोलण्यात येतच नाही, आणि माझ्या मते सगळी चूक तेथेच होते. पत्रा ६५ अंशांवर आणि सीलिंग ४० अंशांवर आहे असे मानले, तर जुन्या सिमेंट पत्र्याकडून सीलिंगला केवळ प्रारणाने दर चौरस मीटरमागे सुमारे १६० वॅट उष्णता मिळते. संपूर्ण छपर पत्र्याचे असते, तर हा आकडा ९ किलोवॅटपर्यंत गेला असता.

आता हवेचा हिशेब पाहू. गरम हवा हलकी होऊन वर चढते. तिला आढ्याशी बाहेर पडण्यास वाट असेल आणि खाली वळचणीपाशी (छपराच्या खालच्या कडेपाशी) तितकीच थंड हवा आत येण्यास वाट असेल, तर वारा पडलेला असतानाही माळ्यातून प्रवाह सुरू राहतो. वर २ चौरस फूट आणि खाली २ चौरस फूट मोकळी तोंडे आहेत, त्यांच्यात ६ फुटांचे अंतर आहे, आणि माळ्यातील हवा बाहेरच्यापेक्षा १० अंश गरम आहे असे धरले, तर ताशी सुमारे ३०० घनमीटर हवा बदलते. तुमच्या माळ्यातील सगळी हवा त्यामुळे तासाला पाचेक वेळा नवी होईल. ऐकण्यास हे भरपूर वाटते, पण एवढी हवा जेमतेम १ किलोवॅट उष्णता बाहेर नेते. तोंडे दुप्पट मोठी केली तर प्रवाह दुप्पट होतो, परंतु तोंडांमधील उंची दुप्पट केली तर तो दीडपटही होत नाही, कारण प्रवाह उंचीच्या आणि तापमानातील फरकाच्या वर्गमुळाने वाढतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी पत्र्याकडून येणारे प्रारण अडवावे, मग माळ्याला खाली आणि वर अशी दोन्हीकडे तोंडे द्यावीत, आणि सीलिंगमधील फटी बुजवाव्यात. फक्त वर पंखे बसवून खाली वाट ठेवली नाही, तर हवा फिरत नाही. माळा मग खालच्या खोलीतील हवा सीलिंगच्या फटींतून ओढून घेतो.

प्रमाणाविषयी एक खुलासा करतो. अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी निव्वळ मोकळी तोंडे सांगितली आहेत, आणि ती वर-खाली योग्य रीतीने विभागली असतील तर १/३०० चालतात. हे १/३०० चे प्रमाण तेथील फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या १९४२ च्या मानकांत आले. त्यामागे हेतू थंड प्रदेशातील माळ्यांत साचणारा ओलावा घालवण्याचा होता, उन्हाळ्यातील थंडाव्याचा नव्हता. म्हणून आपल्याकडे १/३०० वर समाधान मानू नये. तुमच्यासाठी १/१५० म्हणजे एकूण ४ चौरस फूट हे किमान समजावे, आणि जाळी-झडपांनी अडणारी जागा त्यातून वजा करावी.

सुतारशाळा

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, आणि त्यात जुन्या घरांच्या बाजूने थोडी भर घालतो. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या छपरांचे काम चालत आले आहे.

मंगलोरी कौलांचे छपर मुळातच हवा खेळवणारे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेच्या लोकांनी मंगळुरात या कौलांचे कारखाने काढले आणि तेथून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. ती एकमेकांत अडकतात, पण त्यांचे सांधे हवाबंद नसतात. शेकडो सांध्यांमधून थोडी थोडी गरम हवा निघून जाते, आणि कौल भाजलेल्या मातीचे असल्यामुळे पत्र्याइतके झटकन तापत नाही. त्याखाली ताडपत्री पसरली की ही सगळी वाट एकदम बंद होते. कौलारू यांच्या माळ्यावरचा त्रास ताडपत्रीनंतर वाढला, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. गळती असेल तर फुटकी कौले बदलावीत, सरकलेली कौले पुन्हा बसवावीत, रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) सडल्या असतील तर नव्या माराव्यात. पावसाळ्यापूर्वी दर वर्षी कौले चाळण्याची जी रीत होती ती याचसाठी होती. ताडपत्रीमुळे गळती दिसेनाशी होते, पण पाणी तिच्यावर साचून वाशांच्या टोकांशी मुरत राहते, आणि वासे नेमके वळचणीपाशी, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे, कुजतात.

तक्तपोशी काढल्याचे वाचून वाईट वाटले. जुन्या वाड्यांत खालच्या मजल्यांवर फळ्यांवर मातीचा जाड थर असे आणि सर्वांत वर छपराखाली तक्तपोशी असे. लाकूड उष्णता हळू वाहून नेते आणि तिच्या वरची जागा दोन्ही टोकांना मोकळी ठेवलेली असे. जिप्समचा अर्ध्या इंचाचा तक्ता ते काम करत नाही.

कौलांच्या बाजूला हवेसाठी स्वतंत्र झडपा करण्याची गरज सहसा पडत नाही. बाजारात झडपेसारखे उंच तोंड असलेली खास कौले मिळतात. आढ्याच्या खालच्या ओळीत, दोन्ही पाख्यांवर (छपराच्या उतरत्या बाजूंवर), ती काही अंतराने बसवता येतात. ती नेहमीच्या कौलाच्या मापाचीच असल्यामुळे रिपांत काही फेरफार करावा लागत नाही. प्रकाशासाठी काचेची कौले असतील, तर ती मात्र कमी करावीत, कारण त्यांतून ऊन सरळ माळ्यात उतरते.

उद्यमनगर

मी पत्र्याच्या शेडचे काम करतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत टर्बो व्हेंटिलेटर सर्रास दिसतात, त्यामुळे लोक ते घरावरही मागतात. त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे.

टर्बो चांगला असतो, पण तो पंखा आहे असे समजून घेऊ नये. वारा असला की त्याच्या पात्यांवरून जाणारी हवा आतली हवा खेचते. वारा पडला की तो छपरातील एक झाकलेले गोल तोंड एवढेच उरतो. फौंड्रीच्या शेडमध्ये भट्टीची उष्णता आत असते, उंची २५-३० फूट असते आणि खालची दारे उघडी असतात, म्हणून तेथे त्याचा उपयोग होतो. घराच्या बुटक्या माळ्यावर, खाली वाट न देता, त्याच्यावर पैसे घालण्यापेक्षा आढ्याची टोपी २-३ इंच उचलून संपूर्ण आढ्याला सलग फट ठेवणे अधिक फायद्याचे ठरते. ३० फूट लांबीच्या आढ्याला दोन्ही बाजूंनी एकेक इंच फट ठेवली तर ५ चौरस फूट वाट मिळते, म्हणजे वर लागणाऱ्या २ चौरस फुटांच्या दुपटीहून अधिक. टोपीची बाजू फटीच्या खाली चांगली उतरलेली असावी आणि आत उभी पट्टी असावी, म्हणजे पावसाचे पाणी वाऱ्याबरोबर उलटे चढत नाही.

एक धोका सर्वांनी लक्षात घ्यावा. ज्या बाजूने वादळी वारा येतो त्या बाजूलाच मोठे तोंड ठेवले आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी ठेवली, तर वारा आत कोंडून पत्र्याला खालून वर उचलतो. वळवाच्या पावसात पत्रे उडण्यामागे हे मोठे कारण असते. त्यामुळे तोंडे करण्यापूर्वी पत्र्यांचे हूक, वायसर आणि लाकडाची अवस्था तपासून घ्यावी. आढ्याजवळील आणि वळचणीच्या ओळीतील हूक विशेष पाहावेत, कारण सर्वाधिक खेच तेथेच बसते.

शुक्रवारपेठ

चर्चा वाचून बरेच समजले. माझे तीन प्रश्न आहेत. आमच्या माळ्यावर भुईमुगाच्या शेंगा, सुक्या मिरच्या आणि गुळाच्या ढेपा ठेवलेल्या असतात. तोंडे ठेवली की उंदीर, वटवाघळे आणि गांधीलमाश्या आत येतील, आणि जुलैत पावसाची झड आली की सगळे भिजेल, अशी सासूबाईंना भीती वाटते. दुसरे म्हणजे, पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, तर मग ती आत घेऊन काय साधणार? आणि पांढऱ्या रंगाविषयी कोणीच बोलले नाही, तो निरुपयोगी आहे का?

भुदरगड

ताई, पावसाच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण आमच्याकडे पाऊस शहरापेक्षा बराच अधिक असतो आणि तरीही आमच्या माळ्याला तोंडे आहेत.

मोसमी पाऊस मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. छपराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंतीत झरोका ठेवायचा असेल, तर तो शक्यतो पूर्वेकडील भिंतीत मोठा आणि पश्चिमेकडील भिंतीत लहान ठेवावा. वळीव मात्र कोणत्याही दिशेने येतो, म्हणून कोणत्याच बाजूला उघडे भोक सोडू नये. लाकडाच्या किंवा पत्र्याच्या तिरक्या पट्ट्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या आणि एकमेकींवर पुरेशा आलेल्या, बसवाव्यात, त्यांच्या वर ९ इंचांचे छज्जे ठेवावे आणि तळाशी बाहेरच्या उताराचा ओटा ठेवावा, म्हणजे आत आलेले तुरळक थेंबही बाहेर निघून जातात. वळचणीखालून येणारी हवा तर पाख्याच्याच आडोशाने येते, त्यामुळे तेथे पावसाची भीती सर्वांत कमी असते.

जाळी पाव इंची, जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. तिच्यातून वटवाघूळ, चिमणी, उंदीर, उदमांजर यांपैकी काहीही जात नाही. डासांची बारीक जाळी लावण्याचा मोह टाळावा, कारण ती निम्मी हवा अडवते आणि धूळ, कोळिष्टके यांनी लवकरच पूर्ण बंद होते. गांधीलमाश्या पाव इंची जाळीतून येऊ शकतात हे खरे आहे. त्यांचे पोळे लहान असतानाच काढावे लागते.

आढे_पाखे

भुदरगड यांनी सांगितलेल्या जाळीमुळेच मी निव्वळ मोकळी जागा असा शब्द वापरला होता. पट्ट्या आणि जाळी मिळून निम्मी जागा खातात असे धरून चालावे. २ चौरस फूट मोकळी वाट हवी असेल, तर झरोक्याचे बाहेरचे माप ४ चौरस फुटांचे ठेवावे.

दमट हवेच्या प्रश्नाला महत्त्व आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा ओली असते हे खरे, पण माळ्यावरील ओल केवळ हवेतून येत नाही. ती गळक्या कौलांतून, भिंतींतून आणि खालच्या स्वयंपाकघरातील वाफेतून येते. बंद माळ्यात ती अडकून राहते आणि लाकडाला बुरशी धरते. मध्येच उघडीप पडते आणि दोन-चार तास ऊन येते, तेव्हा तोंडे असलेला माळा सुकतो आणि बंद माळा सुकत नाही. हिवाळ्यात पत्र्याच्या घरात आणखी एक गोष्ट घडते. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि पहाटे त्याच्या खालून पाणी टपकू लागते. लोक त्याला गळती समजतात. घरातील ओलसर हवा माळ्यात साचू दिली नाही, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. तरीही मिरच्या आणि गूळ यांसाठी माळा ही पावसाळ्यात योग्य जागा नाही. जून ते सप्टेंबर ते हवाबंद डब्यांत खालीच ठेवावेत.

पांढरा रंग मुळीच निरुपयोगी नाही, उलट तो उष्णता छपराबाहेरच थोपवतो. ताजा चुना किंवा परावर्तक रंग उन्हाचा बहुतांश भाग परत पाठवतो. अडचण टिकण्याची आहे. आपल्याकडील पावसाळ्यात छपरावर शेवाळ चढते, उन्हाळ्यात धूळ बसते आणि शुभ्रपणा जातो. त्यामुळे तो दर वर्षी किंवा एका वर्षाआड, मार्च महिन्यात, पुन्हा द्यावा लागतो. कौलांना मात्र रंग देऊ नये असे मला वाटते. त्याने कौलाचा श्वास कोंडतो आणि पापुद्रे धरतात.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो कोरडा कापला, घासला किंवा त्यात ग्राइंडरने भोक पाडले, तर उडणाऱ्या धुळीतून ते तंतू फुप्फुसांत जातात, आणि त्यातून कर्करोगासह असाध्य आजार अनेक वर्षांनी उद्भवू शकतात. म्हणून कौलारू, तुमच्या पत्र्यात टर्बोसाठी गोल छिद्र पाडू देऊ नका. रंग देण्यापूर्वी तारेच्या ब्रशने खरवडूही देऊ नका. तोंडे त्रिकोणी भिंतीत आणि वळचणीत करावीत. आढ्याची टोपी उचलायची असेल तर हूक सोडवून, ती न फोडता उचलावी. शिवाय हा पत्रा वयोमानाने ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. वर जाणाऱ्याने आडव्या आधारांवर फळ्या टाकून, त्यांवरूनच चालावे, आणि कमरेला दोर बांधावा. या कामात पडून माणसे दगावली आहेत.

विजेचा पंखा बसवण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर आधी सीलिंग तपासावे. दिव्यांची भोके, पंख्याच्या हुकाभोवतीची फट आणि माळ्यावर जाण्याचे झाकण यांतून तो खोलीतली हवा खेचतो, आणि मग वीज खर्च होऊनही माळ्यावर बाहेरची हवा पुरेशी येत नाही. या फटी बुजवण्याचे काम स्वस्त आहे आणि ते कोणत्याही उपायाच्या आधी करावे. त्याच वेळी माळ्यावरील वायरिंगही पाहून घ्यावे. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. भोवतालची हवाच ५० अंशांवर गेली, तर त्या वायरीची प्रवाह वाहून नेण्याची क्षमता बरीच घटते.

कौलारू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आई आणि मी बसून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. ताडपत्री काढून कौले पूर्ण चाळून घ्यायची आणि आढ्याखाली दोन्ही पाख्यांवर झडपेची कौले बसवायची. वळचणीला भिंत आणि वासे यांच्यामधील विटांनी बुजवलेले गाळे मोकळे करून त्यांना पाव इंची जाळी लावायची, आणि मागच्या पूर्वेकडील त्रिकोणी भिंतीत तिरक्या पट्ट्यांचा झरोका करायचा. सिमेंटच्या पत्र्याला हात न लावता त्याच्या खाली ॲल्युमिनियम फॉइल ताणायची. टर्बोचा विचार सोडून दिला आहे. फॉइल पत्र्याला चिकटवून लावावी की अंतर ठेवून, आणि तिची चकचकीत बाजू कोणत्या दिशेला ठेवावी, एवढे कृपया सांगावे. सीलिंगवर थर्माकोल अंथरणेही योग्य की अयोग्य?

आढे_पाखे

फॉइल चिकटवली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य होतो, कारण उष्णता मग स्पर्शानेच तिच्यातून पार होते. चकचकीत बाजूसमोर किमान एक इंच मोकळी हवा असली पाहिजे. पत्र्याखालच्या आडव्या आधारांच्या तळाशी ती ताणून बसवावी, म्हणजे तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये हवेची पोकळी राहील. ती पोकळी वळचणीकडे आणि आढ्याकडे दोन्ही टोकांना उघडी ठेवावी, म्हणजे पत्र्यालगतची सर्वांत गरम हवा तेथूनच वर निघून जाईल. एकाच बाजूला चकचकीत असलेली फॉइल असेल, तर ती बाजू खाली, सीलिंगकडे ठेवावी. वरच्या अंगावर धूळ बसून चकाकी जाते, खालच्या अंगावर ती बसत नाही. अशी स्वच्छ फॉइल काळसर पत्र्याच्या तुलनेत अंदाजे विसावा हिस्साच प्रारण सोडते. फॉइलमधून वीज वाहते, म्हणून वायरी तिच्यापासून दूर, पाइपातून न्याव्यात.

थर्माकोल मी सुचवणार नाही. तो पेटतो, आणि तापलेल्या माळ्यावर वायरींच्या शेजारी अशी वस्तू अंथरणे धोक्याचे आहे. शिवाय उंदीर त्यात घरे करतात. सीलिंगवर काही अंथरायचेच असेल, तर ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या गाद्या घ्याव्यात. त्या वळचणीच्या तोंडांपर्यंत सरकवू नयेत, नाहीतर खालची वाट पुन्हा बंद होईल. भिंतीपासून हातभर जागा मोकळी सोडावी.

काम फेब्रुवारीत उरकावे. एप्रिलमध्ये कामगार माळ्यावर टिकणार नाहीत, आणि मे लागला की वळीव गाठतो. कौले उतरवलेली असताना पाऊस येणे परवडणारे नाही, म्हणून एका वेळी एकाच पाख्याचा अर्धा भाग उघडावा आणि तो संध्याकाळपर्यंत झाकून घ्यावा.